वळणावरचा आडोसा

१

आमच्या घरात सायकली दिवाणखान्यात असायच्या आणि सोफा अडगळीच्या खोलीत. लेक म्हणायची, तुम्ही दोघं माणसं नाही, सुटे भाग आहात. म्हणू दे. रविवारी उजाडलं की टायरमध्ये हवा भरायची, पाण्याच्या बाटल्या भरायच्या आणि वस्ती मागे टाकून डोंगराचा रस्ता धरायचा, हा आमचा लग्नाआधीपासूनचा शिरस्ता. आमची ओळखच मुळी त्या चढावर झाली. माझी चेन उतरली होती आणि हा बाबा मदतीला थांबायचं सोडून पुढच्या वळणावर कठड्यावर बसून माझी वाट बघत होता. "मला वाटलं, तुला येत असेल," म्हणाला. येत होतंच. म्हणून तर लग्न केलं.

माझं चष्म्याचं दुकान आहे. नवरा सुतार, दारं-खिडक्या करतो. रागात असले की मी त्याला सुतारबुवा म्हणते आणि लाडात असले तरी तेच म्हणते. कोणतं ते त्याला आवाजावरून कळतं.

जोडीने सायकल चालवणाऱ्यांचा एक रिवाज असतो. पुढचा वारा अंगावर घेतो. मागचा त्याच्या चाकाला चिकटून त्या आडोशात चालतो आणि त्याची निम्मी मेहनत वाचते. पुढचा दमला की तो बोलत नाही, बोलण्यात दम घालवायचा नसतो. तो नुसतं कोपर बाहेर झटकतो, बाजूला सरकतो आणि रांगेच्या शेपटाला जाऊन लागतो. मग मागच्याचा नंबर. दोघं असोत की दहा, सगळं आळीपाळीने. जो नुसता आडोसा खातो आणि नंबर आला की खाली बघतो, त्याला आमच्यात जळू म्हणतात. याच्याइतकी वाईट शिवी आमच्याकडे दुसरी नाही.

गेल्या वर्षी त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. त्या दिवशी हॉस्पिटलच्या बाकावर बसून मी काय काय पुटपुटले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं, की हा परत मिळाला तर याला ऊनवारा लागू देणार नाही, असं मी म्हटलं होतं. कुणाला उद्देशून म्हटलं होतं ते मलाही सांगता येणार नाही. समोर भिंत होती.

तो परत मिळाला. काही महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा, उलट चांगलीच, पण वाऱ्याशी झोंबाझोंबी नको. लेकीने त्याच्या मनगटावर एक घड्याळ बांधलं. ठोके मर्यादेबाहेर गेले की ते वाजायचं आणि मग मुकाट्याने उतरायचं. "आणि आई पुढे, बाबा मागे," ती म्हणाली. "कायम. कबूल?"

"म्हणजे मी जळू," तो म्हणाला.

"हो. पण माझी लाडकी," मी म्हटलं.

"कानामागून आली आणि तिखट झाली," असं लेकीकडे बघून तो म्हणाला खरा, पण त्याचा चेहरा उतरला होता. आयुष्यभर मला आडोसा देत आला होता तो. आता माझ्या पाठीकडे बघत चालायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

२

घाटाच्या माथ्याआधी झाडी संपते. एका बाजूला उघडा उतार, दुसऱ्या बाजूला बुटका कठडा, आणि समोरून वारा. त्या वळणाला आम्ही थप्पड म्हणतो, कारण तिथे पोचलं की तशीच बसते. वर्षाचे बारा महिने. तिथे गप्पा थांबतात, मान खाली जाते, आणि जो पुढे असतो त्याची खरी परीक्षा तिथेच होते.

त्या रविवारी मी पुढे होते. झाडी संपायच्या आधी मी गिअर उतरवला, मान खाली घातली, दात आवळले. आणि थप्पड बसलीच नाही.

मला आधी बरंच वाटलं. आज वारा पडलाय, देवच पावला. मग मी कठड्यापलीकडचं गवत बघितलं. ते पार आडवं झालं होतं, आमच्या दिशेने. रस्त्यावरचा पाचोळा समोरून घरंगळत आमच्याकडे येत होता आणि माझ्या चाकाच्या थोडं आधी दोन्ही बाजूंना फाकून निघून जात होता. माझ्या कपाळावरचा घाम मात्र वाळत नव्हता. कानात आवाज होता तो फक्त माझ्या श्वासाचा.

"वा," मागून नवरा म्हणाला. "काय अडवतेस गं आज."

 डोंगर मध्ये आला असेल, वारा वरून जात असेल, असं काहीतरी मनात जुळवत राहिले. माणूस डोळ्यांनी फसतो हे मला दुकानात रोज दिसतं, मग कातडीने का फसणार नाही? पण एक गोष्ट मला वळण संपल्यावर लक्षात आली आणि तिचं उत्तर सापडेना. पूर्ण वळणभर मी रस्त्याकडे बघितलंच नव्हतं. मी बघत होते माझ्या चाकाच्या हातभर पुढे, जमिनीपासून थोडं वर. कुणाच्या मागे लागून चालताना त्याच्या मागच्या चाकाकडे बघतात, तसं. तिथे काही नव्हतं.

३

पुढच्या रविवारी मी करून बघायचं ठरवलं. उगाच डोक्याला भुंगा नको. थपडेवर पुन्हा तसंच निवांत वाटलं तेव्हा मी एक हात सोडून बाजूला काढला. खांद्याच्या रेषेपर्यंत काहीच नाही. त्याच्यापलीकडे हात गेला आणि वारा तळहातावर इतका जोरात बसला, की हँडल डगमगलं. हात आत घेतला, पुन्हा शांत. दुसऱ्या बाजूनेही तेच. आडोसा एका माणसाच्या रुंदीचा होता.

"काय गं, खड्डा दाखवतेस का?" नवरा म्हणाला.

"नाही, हात अवघडला," मी म्हटलं.

खड्डा होताच, पण तिथून थोडा पुढे. मला तो दिसला तेव्हा माझी सायकल त्याला वळसा घालून गेलेली होती. मी वळवली नव्हती. मी फक्त पुढच्याच्या मागे गेले होते.

घरी आल्यावर मी गुपचूप स्वतःचे डोळे तपासले. नंबर होता तेवढाच होता. मग पलंगावर पडून छताकडे बघत राहिले. नवऱ्याला सांगावं का? आणि सांगायचं काय? की तुझ्यासाठी वारा मी अडवत नाहीये, दुसरंच कुणीतरी अडवतंय आणि मी त्याच्या जिवावर मिरवतेय?

नाही सांगितलं. आता यात भिण्यासारखं काय आहे, असंही वाटायला लागलं होतं. कारण नवरा सुधारत होता. संध्याकाळी दुकान बंद करून आले की पायरीपासूनच रंध्याचा आवाज ऐकू यायचा. ऑपरेशननंतर कितीतरी दिवस तो आवाज घरात नव्हता आणि त्या शांततेची मला इतकी दहशत बसली होती, की आता तो ऐकला की मी दारातच क्षणभर उभी राहायचे. आत गेलं की हा खिडकीच्या चौकटीवर वाकलेला, केसांत भुसा, शर्टाची वरची बटणं उघडी, आणि छातीवरची ती उभी रेघ आता फिकट पडत चाललेली. मी तिच्यावरून बोट फिरवायचे. "काम बघ माझं," तो म्हणायचा. "सांधा दिसतो का कुठे?" आपल्या छातीचं श्रेय घ्यायलाही हा माणूस कमी करायचा नाही.

लेकीचा फोन आला. "आई, बाबांच्या घड्याळाचे आकडे बघतेय मी. घाट चढूनही ठोके एकदम छान. काय करतेस तू नक्की?"

"वारा अडवते," मी म्हटलं.

मनात चोर होता, पण फुकट ते पौष्टिक म्हणतात ते खोटं नाही. प्रत्येक रविवारी थप्पड आली की मी त्या आडोशात अलगद शिरायचे आणि मागे माझा माणूस शीळ घालायचा. चढावर शीळ घालायला किती दम लागतो ते चढणाऱ्यालाच माहीत. इतके आठवडे कुणीतरी पुढे राहून आम्हाला ओढत होतं आणि त्याचाही कधी नंबर बदलायचा असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. सायकलवर आयुष्य गेलेल्या बाईच्या.

४

त्या रविवारी धुकं होतं. लेकीने फोन करून सांगितलं, आज जाऊ नका. पण तोवर सुतारबुवांनी हवा भरली होती, आणि ऑपरेशननंतर हा माणूस एखाद्या गोष्टीसाठी आपणहून उठतो याचंच मला इतकं अप्रूप होतं, की माझ्याच्याने नाही म्हणवलं नाही.

रस्त्यावर कुणी नव्हतं. झाडांवरून पाणी ठिबकत होतं. झाडी संपली तसं धुकं हलायला लागलं; वारा ते उतारावरून आमच्या अंगावर लोटत होता. थपडेआधी रस्ता थोडा सपाट होतो. मी आडोशात होते, नेहमीसारखी.

मग तो आडोसा सरकला.

आधी डाव्या गालाला वारा लागला. मग नाकाला, मग दुसऱ्या गालाला, आणि मग सगळा वारा एकदम छातीवर आला. आणि माझ्या खांद्याच्या बाजूने, अगदी जवळून, काहीतरी हळूहळू मागे गेलं. थंडीत एक उबदार पट्टा. चढ चढून आलेल्या माणसाच्या अंगाची ऊब असते, तेवढीच आणि तशीच. 

"ये, ये. लाग," मागे नवरा म्हणाला.

"कुणाशी बोलतोस?"

"मागे कुणीतरी लागलंय. लागू दे बिचाऱ्याला, दमलेला आहे."

"बघितलंस तू?"

"बघायला कशाला पाहिजे? त्याच्या चाकातल्या फ्रीव्हीलची टिकटिक ऐकू येतेय की. चढावर वळून बघितलं की समोरच्याला ओशाळं वाटतं."

मी वळून बघितलं. नवरा, त्याचं पिवळं जॅकेट, त्याच्या भुवयांवर धुक्याचे थेंब, तोंडावर ते पाहुणचाराचं हसू. त्याच्या मागे ओला रस्ता आणि धुकं. पण कान देऊन ऐकलं तेव्हा मलाही ऐकू आलं. आमच्या दोघांच्या सायकलींचे आवाज मी झोपेतही ओळखीन. हा तिसरा होता. संथ आणि कोरडा, तेल न मिळालेला.

दुकानात लोक येतात आणि सांगतात, डोळ्यांपुढे काहीतरी तरंगतं. मी त्यांना समजावते, वयाने होतं, घाबरायचं कारण नाही. ऐकू येणाऱ्याला काय सांगायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही.

मी पेडल मारत राहिले आणि हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं. पुढचा होता तो शेपटाला गेला. म्हणजे आता माझा नंबर. ते ठीकच होतं, किती आठवडे त्याने एकट्याने ओढलं होतं, जळू तर मी होते. पण माझ्यानंतर? रांगेत माझ्यामागे माझा नवरा होता. मी कोपर झटकलं, की सुतारबुवा पुढे. उघड्या वाऱ्यात, टाके घातलेल्या छातीने.

मी कोपर अंगाशी घट्ट धरलं आणि ठरवलं, मरेन पण बाजूला होणार नाही.

५

ठरवणं सोपं असतं. इतके आठवडे आडोशात चालून पायांची सवय गेली होती. थपडेचा चढ सुरू झाला आणि माझ्या मांड्या पेटल्या. श्वास पुरेना. मागे माझ्या माणसाची शीळ, आणि शिळेच्या मधल्या फटीत ती कोरडी टिकटिक. थोडी थांबली, थोडी वाजली. घाई नव्हती त्याला.

परत फिरू, एवढंच मला सुचलं. उतरायचं, सायकल वळवायची, घरी जायचं. मी ओरडले, "थांब, थांबूया," आणि वेग सोडला.

तिथेच चुकले. दुसऱ्या कुणाचा नवरा असता तर थांबला असता. आमच्यात पुढच्याने वेग सोडला की त्याचा एकच अर्थ होतो. तो अर्थ त्याच्या पायांत इतका मुरलेला होता, की माझे शब्द कानापर्यंत पोचायच्या आत तो माझ्या बाजूला आला होता.

"बास झालं गं," तो म्हणाला. "किती ओढशील एकटी. आता माझा नंबर."

"नको. तू मागे राहा. माझं ऐक."

"वळणापर्यंतच," तो म्हणाला, आणि माझ्याकडे बघून हसला. लग्नाआधी त्या कठड्यावर बसून हसला होता तसाच. मग तो पुढे गेला.

थोड्याच वेळात घड्याळ वाजायला लागलं.

मी हाका मारल्या. वारा त्या माझ्याच तोंडात परत कोंबत होता. मी उभी राहून पेडल मारले, त्याला गाठायचा प्रयत्न केला, पण पायांत जीवच नव्हता. त्याचं जॅकेट वाऱ्याने फडफडत होतं आणि घड्याळ वाजतच होतं. बारीक, किरटा आवाज. मी रडत होते आणि पेडल मारत होते. मला दुसरं काही येत नव्हतं.

तेवढ्यात माझ्या गालावरचा वारा एक क्षण थांबला. ती ऊब माझ्या बाजूने पुढे गेली. मग वारा परत आला.

आणि नवऱ्याचं जॅकेट फडफडायचं थांबलं. घड्याळ आणखी थोडं वाजलं आणि गप्प झालं.

मी पूर्ण बघितलं असं म्हणणार नाही. वारा धुकं आमच्याकडे लोटत होता आणि नवऱ्याच्या पुढे एका जागी ते दुभंगत होतं. त्या जागी पोकळी होती. पोकळी त्याच्या वेगाने पुढे सरकत होती आणि तिला पाठ म्हणावी असं काहीतरी होतं, वाकलेलं. एकदा त्या पाठीतून कोपर बाहेर आलं. अर्धवट. नवऱ्याने मान हलवली. गिऱ्हाइकाला "होईल काम" म्हणताना हलवतो, तशी. कोपर परत आत गेलं आणि ती दोघं वळणाआड गेली.

६

माथ्यावर तो कठड्यावर बसला होता. सायकल नीट टेकवून ठेवलेली. गालांवर रंग होता. मी माझी सायकल रस्त्यातच टाकली आणि त्याचं मनगट धरलं. घड्याळावर माझा विश्वास नव्हता, मी बोटांनी ठोके बघितले. संथ होते, लाकडावर कुणीतरी बेताने ठोकावं तसे.

मग मी त्याच्या छातीत तोंड खुपसून रडले. तो माझ्या पाठीवर हात फिरवत राहिला.

"अगं, काही झालं नाही. जरा धाप लागली होती, तर तो आला ना मदतीला. मगाशी मागे होता तो."

"कोण तो?"

"नाव नाही विचारलं."

"तोंड बघितलंस?"

"मागून कसं दिसणार? पाठ बघितली. इतकी दमलेली पाठ मी कधी बघितली नाही. तरी माझा नंबर त्याने घेतला. मला म्हणजे इतकं लाजल्यासारखं झालं."

"मग?"

"मग काय? कोपर दाखवलं त्याने. मी म्हटलं, आज मला जमायचं नाही, बायको रागावेल. पण पुढच्या वेळी मी ओढतो. शब्द दिला."

सुतार आणि वायदा यांचं वाकडं असतं, असं सगळेच म्हणतात. माझ्या नवऱ्याबद्दल कुणी म्हणत नाही. एकदा अंगात ताप असताना याने एका घराचं दार रात्र व्हायच्या आत बसवून दिलं होतं, कारण त्या लोकांना तसा शब्द दिला होता. मला त्याच्या या गोष्टीचा आयुष्यभर अभिमान वाटत आलाय. त्या कठड्यावर मला तिची पहिल्यांदा भीती वाटली.

"कुठपर्यंत ओढायचं म्हणाला?" मी विचारलं.

"ते नाही बोलला," तो म्हणाला. "पुढे, एवढंच." आणि त्याने माझे डोळे स्वतःच्या बाहीने पुसले. "रडू नकोस गं. इतकी वर्षं मीच तर पुढे असायचो."

आम्ही सायकली हातात धरून खाली उतरलो. पायी. तो कुरकुरला नाही. मी त्याचा हात सोडला नाही आणि घाटभर एका हाताने सायकल सावरताना माझं मनगट सुजलं.

७

सायकली मी माळ्यावर टाकल्या. लेकीला सांगितलं, आमचं वय झालं. तिने माझ्याकडे नीट बघितलं, पण वाद घातला नाही. तिला मनातून बरंच वाटलं असणार. सोफा दिवाणखान्यात आला. त्यावर बसून आम्ही दोघं रविवारी खिडकीबाहेर बघायचो आणि तो म्हणायचा, "तू म्हणशील तसं." तक्रार नव्हती त्यात. पण रंध्याचा आवाज हल्ली मध्येच थांबायचा. आत जाऊन बघितलं तर हा हातात रंधा धरून समोर बघत असायचा. "काय झालं?" विचारलं तर म्हणायचा, "काही नाही, जरा आठवत होतो. एक काम बाकी आहे."

काल त्याच्या गोळ्या आणायला आम्ही दोघं पेठेत गेलो होतो. दुपारची वेळ, सगळीकडे माणसं, आणि वारा असा सुटलेला की बघायला नको. दुकानांच्या पाट्या आपटत होत्या. एका बाईची छत्री उलटी झाली आणि ती आणि तिची मैत्रीण पोट धरून हसत होत्या. लोक डोळ्यांवर हात धरून, वाकून, धूळ थुंकत चालले होते.

मी नवऱ्याला म्हणाले, "बघ ना, काय वारा आहे." आणि बोलता बोलता मला कळलं, की हे मी साध्या आवाजात म्हणाले होते. आमच्यापर्यंत काही येत नव्हतं. त्याच्या कपाळावरचे चार केस जागचे हलत नव्हते.

 हातभर पुढे, जमिनीपासून थोडं वर कुठेतरी त्याची नजर लागली होती. चाल बदलली होती. कुणाच्या तरी मागे चालताना ठेवतो तशी बेताची.

"फार दमलाय गं तो," तो हळूच म्हणाला. अगदी कळवळ्याने. "असा किती दिवस ओढेल?"

आणि तो बाजूने पुढे निघाला.

मी त्याचा हात धरून त्याला मागे ओढलं. जोरात ओढलं असणार, कारण तो कळवळला. मग मी त्याच्या पुढे गेले, आणि आणखी एक पाऊल पुढे, जिथे भर रस्त्यात त्या गर्दीतही कुणी पाय ठेवत नव्हतं.

"आधी माझा नंबर आहे," मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले. छत्रीवाली बाई माझ्याकडे बघायला लागली. "याच्या आधी माझा आहे. मी अजून घेतलेला नाही."

काही वेळ काहीच झालं नाही. मग ती ऊब माझ्या खांद्याला घासून मागे गेली आणि वारा तोंडावर असा आला, की चष्मा नाकावरून उडता उडता राहिला. डोळ्यांत धूळ गेली. मी एका हाताने चष्मा धरला, दुसऱ्या हाताने मागे चाचपडून नवऱ्याची बोटं पकडली आणि चालायला लागले. माणसं, दुकानं, औषधवाला, सगळं मागे गेलं. थांबायचा मला धीर होत नव्हता. थांबलं की नवरा पुढे जाणार, हे मला माहीत होतं.

वळून बघावंसं वाटत होतं. बघितलं नाही. पाय भरून आले होते आणि रस्ता चढायला लागला होता.

"आहेस ना रे?" मी विचारलं.

"आहे," तो म्हणाला. आवाजात दम लागल्याची खूणही नव्हती. त्याने माझी बोटं हलकेच दाबली आणि मग, मला धीर यावा म्हणून, अगदी मायेने म्हणाला, "तू चाल. आम्ही आहोत."

मी मान खाली घातली आणि चालत राहिले.